कितवा महिना, हे त्याने विचारलंच नाही

माझं माहेर देवगड तालुक्यात. सातव्यात माहेरी आले तेव्हापासून एकच प्रश्न येता-जाता कानावर पडायचा, "कितवो म्हयनो गो?" मासेवाली विचारायची, रिक्षावाला विचारायचा, आंब्याच्या पेट्या भरायला येणाऱ्या बायका तर रोज नव्याने विचारायच्या. विचारलं नाही फक्त एका माणसाने, ज्याने बाळंतपणासाठी म्हणून मला 4,800 रुपयांचं मशीन विकलं. मी जी जाहिरात पाहून फसले, तीच गेल्या आठवड्यात आमच्या वाडीतल्या एका पोटुशी मुलीच्या मोबाइलवर आली, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

टेन्स, म्हणजे बाळंतपणाच्या कळा सुसह्य करायला वापरतात त्या मशीनबद्दल मला माझ्या नणंदेने सांगितलं. ती इंग्लंडमध्ये असते. तिकडे बायका ते भाड्यानेही आणतात. मोबाइलएवढा डबा, त्याला वायरी, आणि पाठीला चिकटवायचे पॅड. सौम्य विजेच्या झिणझिण्या त्वचेतून मज्जातंतूंपर्यंत जातात. मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 1965 साली मांडलं होतं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं, आणि दुसऱ्या स्पर्शाची संवेदना पुढे गेली की वेदनेला वाट कमी मिळते. कंबर दुखली की आई पाठ चोळते आणि बरं वाटतं, तेही बरंचसं असंच. मला ते पटलं. कंबर इतकी धरायची की रात्री कूस बदलताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि पहिलंच बाळंतपण, त्यामुळे कळांची धास्ती वेगळीच.

त्याच आठवड्यात इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली. गोऱ्या बाईच्या पाठीवर चार पॅड, खाली "प्रसूती आता 100 टक्के वेदनामुक्त". व्हॉट्सॲपवर विचारलं तर पाच मिनिटांत फोन आला. माणूस स्वतःला डॉक्टर म्हणवत होता, मराठी स्वच्छ. "ताई, एपिड्युरलची, म्हणजे पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनची, गरजच पडणार नाही." बिल मागितलं तर म्हणाला, खोक्यात असेल. माल मिळाल्यावर पैसे देते म्हटलं तर म्हणाला, वैद्यकीय वस्तूला ती सोय नसते. मी क्यूआर कोड स्कॅन केला. कंपनीचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं. तिथे माझं बोट थांबायला हवं होतं. थांबलं नाही, कारण "शेवटचे तीन पीस" हे शब्द डोक्यात घोळत होते.

पार्सल नऊ दिवसांनी आलं. खोक्यावर "मॅटर्निटी" लिहिलेला गुलाबी स्टिकर होता. समुद्राकाठच्या दमट हवेने त्याचा एक कोपरा सुटला होता. मी नखाने उचलला तर खाली एका पुरुषाचं पोट छापलेलं, कसरत करून पिळदार केलेलं. पोटाची चरबी कमी करण्याचं यंत्र होतं ते. आत एकच वायर, दोन पॅड. चार नाहीत. बटणांवर "टॅपिंग, कपिंग, स्क्रॅपिंग". कळ आली की जोर वाढवायचं जे बूस्टचं बटण प्रसूतीच्या मशीनला असतं, त्याचा पत्ताच नाही. बनवणाऱ्याचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, छापील किंमत नाही, बिल तर नाहीच.

तरीही मी ते लावून पाहिलं, हे मला प्रामाणिकपणे सांगायलाच हवं. तेहतिसावा आठवडा होता. आईने सकाळीच पाठीला खोबरेल चोळलेलं, वर मे महिन्याचा घाम, पॅड धरेनात. पुसून पुन्हा लावले, बटण दाबलं आणि कमरेचा स्नायू मुठीत आवळल्यासारखा आखडला. मी ओरडले. आईने वायर खेचून काढली. "ह्या करंटाचा काय ता माका नाय पटत," एवढंच म्हणाली आणि मला भिंतीला टेकवून बसवलं. बाळाची हालचाल जाणवेपर्यंत आम्ही दोघी पोटावर हात ठेवून गप्प बसलो होतो.

मग पुस्तिका वाचली. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत शेवटच्या पानावर होतं, गरोदर स्त्रियांनी वापरू नये.

दुसऱ्या दिवशी कणकवलीला डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं, बाळाचे ठोके व्यवस्थित होते. त्या रागावल्या नाहीत, त्यांनी ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिथे दारातच पहिला प्रश्न आला, "कितवा आठवडा?" मला रडूच आलं.

त्या फिजिओबाईंनी सांगितलेलं लक्षात ठेवा. मी घेतलेलं होतं ईएमएस, म्हणजे स्नायू आखडवणारं यंत्र. टेन्स मज्जातंतूंसाठी असतं. त्याने मुंग्या आल्यासारखं वाटतं, स्नायूला झटका बसता कामा नये. दोन्ही डबे दिसायला जुळे, म्हणूनच फसवणं सोपं. बाळंतपणाच्या टेन्सला दोन चॅनल, म्हणजे पॅडच्या दोन वेगळ्या जोड्या, आणि चार पॅड असतात. वरची जोडी साधारण ब्राच्या पट्टीच्या जरा खाली, कण्याच्या दोन्ही बाजूंना. खालची जोडी कमरेखाली, जिथे दोन खळ्या पडतात तिथे. पोटावर कधीच नाही. पाठीला तेल, घाम काही नको. आंघोळीला किंवा पाण्यात जाताना काढून ठेवायचं. पेसमेकर असेल, फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि साधारणपणे 37 आठवडे पूर्ण होईपर्यंत स्वतःच्या मनाने लावायचं नाही.

फायद्याबद्दल त्यांनी उगाच स्वप्नं दाखवली नाहीत. कॉक्रेन या जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या 2009 सालच्या आढाव्यात 19 अभ्यास आणि 1,671 स्त्रिया होत्या. वेदनेच्या मोजमापात फारसा फरक दिसला नाही, पण बऱ्याच जणी म्हणाल्या की पुढच्या वेळी पुन्हा वापरू. सुरुवातीच्या कळांत, घरी असताना, काहीतरी आपल्या हातात आहे एवढा आधार मिळतो. "100 टक्के वेदनामुक्त" असं कोणी म्हणालं की फोन ठेवून द्या, हे त्यांचे शब्द.

कायद्याची बाजू मला नंतर कळली. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली येतात. खोक्यावर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक हवा, बाहेरून आणलेलं असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि आयात परवाना. पैसे देण्याआधी खोक्याच्या त्या बाजूचा फोटो मागवा. खरा विकणारा पाठवेल. माझ्या त्या "डॉक्टर"कडे मी उशिरा मागितला, तेव्हा त्याने मला ब्लॉक केलं. भावाला तेच यंत्र, तेच पिळदार पोट, दुसरीकडे 700 रुपयांना दिसलं.

पैसे परत मिळालेले नाहीत. ऑनलाइन पैसे गेले की 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो, जितक्या लवकर तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. मी लाजेपायी कोणाला सांगितलंच नाही, बारा दिवसांनी फोन केला, तोवर खातं रिकामं झालं होतं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. पण विकणाऱ्याचा पत्ता माझ्याकडे नाही, बिल नाही, मग नोटीस पाठवायची कुठे? ज्या बिलावर मी जोर धरला नाही, तो कागद किती महत्त्वाचा होता ते तेव्हा समजलं.

बाळंतपण जूनच्या शेवटी झालं. फिजिओबाईंकडचं मशीन अडतिसाव्या आठवड्यात आठवडी भाड्याने आणलं, घरी दोनदा लावायचा सराव केला. कळा पहाटे सुरू झाल्या. भर पावसात गाडीने कणकवलीला जाईपर्यंत सव्वा तास तरी लागला. खड्डा आणि कळ एकत्र आली की मी बूस्ट दाबायचे आणि आई माझा दुसरा हात धरायची. तेवढा रस्ता त्याने निभावला. पुढे कळा वाढल्या तेव्हा मीच ते काढायला सांगितलं. मुलगी झाली.

गुलाबी स्टिकरचा खोका, पुस्तिका, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं मी जपून ठेवलं आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण राहतो तिथूनच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. सव्वा महिना झाला की अर्ज घालणार आहे. ज्यांनी कोणी असाच खोका घेतला असेल त्यांनी तो फेकू नका. स्टिकर अलगद उचला, खाली काय छापलंय त्याचा फोटो काढा आणि मला कळवा. एकाच खात्यावर पैसे गेलेले निघाले तर मिळून पोलिसांकडे जाता येईल.