ताळगावचा फ्लॅट आणि ५६,५०० रुपये

गोव्यात ताळगावला भाड्याच्या फ्लॅटच्या नावाखाली आम्हाला फसवलं. आधी आकडे सांगते, म्हणजे "गेले असतील थोडेफार" असं कोणाला वाटायला नको. टोकन ५,०००. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं मिळून उरलेले ४९,०००. वर "सोसायटीच्या एनओसीचे" २,५००. एकूण ५६,५०० रुपये. फ्लॅट आम्हा तिघींना भाड्याने हवा होता, पण पैसे सगळे माझ्या खात्यावरून गेले. त्यामुळे मैत्रिणींच्या घरच्यांसमोर तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही.

जूनमध्ये गोवा युनिव्हर्सिटीच्या आसपास घर शोधलेल्यांना वेगळं सांगायला नको. हॉस्टेलला नंबर लागला नाही. वाळपईहून रोज बसने ये-जा करायची तर दिवस रस्त्यातच जातो. निम्मे मालक आधीच बजावतात, डिसेंबरात खाली करा, कारण तेव्हा टुरिस्ट आठवड्याभरात आमचं महिन्याचं भाडं देऊन जातात. अशात ताळगावात टू बीएचके, भाडं १८,०००, अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं, "फक्त मुलींना". कोण सोडेल?

मालक म्हणून भेटलेला माणूसही आपला वाटला. कोकणीत बोलायचा, मला "बाय" म्हणायचा, सासुरवाड डिचोलीची म्हणून सांगितलं. फसवणारा म्हटला की बाहेरचा, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की कोकणी कानावर पडली की कागद बघायचं राहूनच जातं.

आणि ती किल्ली! दाराच्या ग्रिलला नंबरची छोटी डबी अडकवलेली होती. त्याने मोबाइल काढला, मेसेज बघून चार आकडे फिरवले. डबी उघडली नाही. पुन्हा मेसेज बघितला, पुन्हा फिरवले, तेव्हा किल्ली निघाली. स्वतःच्या घराची किल्ली कोणी मेसेज वाचून काढतं का? आत बेडवर पांढरे टॉवेल घडी करून ठेवलेले. फ्रिजवर लॅमिनेट केलेला कागद: वायफायचा पासवर्ड, चेकआउट सकाळी ११. मी तो वाचला. वाचून विचारलंसुद्धा. तर म्हणे, "सीझनला टुरिस्टांना देतो, पावसात रिकामाच असतो. बायको म्हणाली, यंदा स्टुडंट्सना देऊया, कटकट नको." पटण्यासारखंच होतं ना? निम्मं ताळगाव हेच करतं. वीजबिल मागितलं, तर लगेच दाखवलं. नाव दुसरंच, "सासूच्या नावावर आहे". लेटरबॉक्समधून उचललेलं असणार, हे आता कळतंय. यूपीआयवर तिसरंच नाव आलं, "मिसेसचं खातं". एका फ्लॅटला तीन नावं, आणि मी पिन टाकला. बाहेर दुसरी पार्टी थांबलीय असं तो सारखा सांगत होता, आणि इकडे आईचा फोन, "मेळ्ळें गो घर?"

सामान घेऊन गेलो तर आत बंगळूरचं एक कुटुंब पोहे खात बसलेलं. केअरटेकर म्हणाला, त्या माणसाने फ्लॅट तीन रात्रींसाठी बुक केला होता. बस, एवढंच त्याचं भांडवल.

आता पोलीस ठाण्याची गंमत ऐका. पहिल्याच टेबलावर प्रश्न: "टेनंट व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरला होता का?" अहो, तो मालकाने भरायचा असतो! गोव्यात भाडेकरूच्या पडताळणीचा २०२४ चा कायदा आहे, न करणाऱ्या मालकाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. आमचा आधार, फोटो, गावचा पत्ता सगळं तपासायची व्यवस्था आहे; समोरचा मालक आहे की तीन रात्रींचा पाहुणा, हे तपासायची मात्र कुठेच नाही. मग म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही त्याला प्रत्यक्ष भेटलात ना, मग ही साधी फसवणूक, ठाण्यात जा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. बुकिंगला त्याने काहीतरी ओळखपत्र दिलं असेलच, ते केअरटेकरकडून मागवा, एवढंच आम्ही सांगत होतो. त्यावर एक हवालदार मैत्रिणीला म्हणतो, "एवढी शिकलेली मुलं तुम्ही, असं कसं फसता?" दार उघडणारा माणूस त्यांच्या हद्दीत, फ्लॅट त्यांच्या हद्दीत, केअरटेकर तिथेच गेटवर, आणि आमच्या हातात शेवटी साध्या अर्जावर मारलेला शिक्का. तोही मागून घेतलेला.

त्यामुळे हे पाठ करून जा. फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. हद्द आमची नाही म्हणून एफआयआर नाकारता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे, एफआयआरची प्रतही फुकट मिळते. नोंदवून घेतच नसतील तर त्याच कलमाखाली एसपींना लेखी अर्ज पाठवता येतो. आणि ठाण्याच्या पायऱ्या चढण्याआधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. तिथून पुढच्या खात्यातले पैसे अडवता येतात, पण ते अजून तिथे असतील तरच. आम्ही ठाण्याच्या बाकावर बसून तो वेळ घालवला.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा वॉचमनशी आणि समोरच्या दाराशी बोला, मालक सोबत नसताना. घरपट्टीची पावती मागा. जमिनीचा एक-चौदाचा उतारा बघून उपयोग नाही, त्यात फ्लॅटमालकाचं नाव असेलच असं नाही. टोकन द्यायचंच असेल तर ज्याच्या नावावर घर त्याच्याच खात्यावर. सासू, मिसेस, भाऊ, कोणी नाही.

सामान घेऊन पोचलो त्याच दिवशी गेटवर मडगावच्या आणखी दोघी भेटल्या. त्यांचे २३,००० गेलेत, तोच माणूस, तीच डबी. त्यांना वेगळ्या ठाण्यातून परत पाठवलं. आता आम्ही पाचजणी मिळून एसपींकडे अर्ज देतोय. या जूनमध्ये ताळगावात तुमचेही असेच गेले असतील तर घरी लपवत बसू नका. चॅट आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि आमच्यासोबत या.