"तुमची जमीनच तशी आहे": जुन्या डिटेक्टर कॉइलच्या व्यवहारात होणारी फसवणूक

जुनी मेटल डिटेक्टर कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची जमिनीवरून फिरवायची तबकडी, घेतली, रानात नेली, ती सारखी कुरकुरायला लागली, म्हणून विक्रेत्याला फोन केला, की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं: "कॉइल एकदम ओके आहे, तुमची जमीनच तशी आहे." बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हे उत्तर खपतं, कारण ते अर्धं खरं आहे. खानापूरकडचा जांभा लोहानं भरलेला. निपाणी-चिकोडीची काळी माती ट्रॅपच्या दगडाची, तिच्यात मॅग्नेटाइट असतं. ओढ्याच्या वळणावरच्या काळ्या रेतीत लोहचुंबक फिरवला तर त्याला दाढी फुटते. अशा जमिनीवर चांगलं मशीनही आवाज करतं. त्यामुळे घेणारा स्वतःलाच दोष देतो, ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा आवाज वजा करायचं बटण) फिरवत बसतो आणि परत करायची मुदत निघून जाते.

अशाच एका व्यवहारातली कॉइल शेवटी उघडून पाहावी लागली. ११ इंची डबल-डी, १८ हजार सांगून १४ हजाराला दिलेली. सौदा महामार्गावरच्या हॉटेलात, लाकडी टेबलावर. मशीन विक्रेत्याचं, सेन्सिटिव्हिटी त्यानंच लावलेली, टेबलावर सोन्याची अंगठी. तीन वेळा फिरवली, तीनही वेळा स्वच्छ आवाज आला. रानात मात्र सकाळी दवात ती गवताला लागली की ओरडायची आणि दुपारी गवत वाळलं की बरीच शांत व्हायची. खरं तर एवढ्यावरूनच दोष ओळखता येतो. जमिनीतलं लोह सकाळी असतं तेवढंच दुपारी असतं.

दोष निघाला केबलमध्ये. केबल कॉइलमध्ये शिरते तिथे नव्या काळ्या स्लीव्हखाली जोड होता. वेटोळ्यांच्या तारा नीट डाग देऊन जोडलेल्या, पण शील्डची उघडी तार तशीच लोंबत सोडलेली. ती न जोडताही अंगठी सापडते, म्हणून टेबलावर काही कळत नाही. कॉइलच्या आत वेटोळ्यांभोवती ग्राफाइटच्या रंगाचा किंवा धातूच्या पातळ पट्टीचा थर असतो, तीच शील्ड, आणि तो थर याच तारेनं मशीनच्या ग्राउंडला जोडलेला असतो. ओलं गवत, ओली माती किंवा माणसाचा हात जवळ आला की वेटोळं आणि ती वस्तू यांच्यात कपॅसिटन्स, म्हणजे न टेकताही होणारी विजेची जोड, तयार होतो. शील्ड तो अडवते. ती तुटली की मशीनला दव म्हणजेच धातू वाटतो. केबलवरची जाळीही तिथंच तुटलेली असेल तर आसपासच्या विजेचा गोंगाटही आत शिरतो.

म्हणून आवाज आला की आधी त्याचं मूळ वेगळं काढा. तीन शक्यता असतात: जमीन, वीज आणि कॉइल. सेन्सिटिव्हिटी नेहमीच्या कामाइतकी ठेवून कॉइल कमरेएवढ्या उंचीवर आडवी धरा आणि अजिबात हलवू नका. जमिनीचा आवाज असेल तर तो इथे थांबतो, कारण जमिनीचा परिणाम कॉइल तिच्यावरून फिरली तरच ऐकू येतो. आवाज चालूच राहिला तर कॉइल उभी करून सावकाश स्वतःभोवती फिरा. एका दिशेला वाढतो आणि दुसऱ्या दिशेला कमी होतो, तर तो बाहेरच्या विजेचा. आपल्याकडे याचं मोठं कारण म्हणजे डुक्कर-गव्यांसाठी शेताभोवती लावलेलं झटका मशीन. साधारण सेकंदाला एक ठोका, घड्याळासारखा. तो ऐकू आला तर कॉइलला दोष देऊ नका. ११ केव्हीची तार, सोलर पंपाचा कंट्रोलर, घरातला इन्व्हर्टर, एलईडी दिवे, खिशातला मोबाईल, सगळे त्रास देतात. मोबाईल बंद करून लांब ठेवा, तारांपासून शक्य तितकं दूर जा, आणि मशीनला फ्रिक्वेन्सी शिफ्टची सोय असेल तर ती वापरून पाहा. दोन जागी, दोन वेगळ्या वेळी असंच होत असेल तर मग संशय कॉइलवर घ्यायचा.

आता कॉइलकडे. केबल दांड्याला घट्ट गुंडाळून वेल्क्रोनं बांधा, कारण सुटी हलणारी केबलच खोटा आवाज देते आणि चांगल्या कॉइलवर आळ येतो. खालचं प्लास्टिकचं कव्हर काढा. त्यात अडकलेली काळी रेती आणि ओल हे बिनखर्चाचं कारण आहे. धुवा, वाळवा, परत ऐका. नंतर केबल बोटात धरून प्लगपासून कॉइलपर्यंत वीतभर अंतरानं वाकवत जा. आवाज कुठे फुटतो ते लक्षात ठेवा. बहुतेक वेळा तो दोन्ही टोकांपाशीच फुटतो, कारण तार तिथेच वाकून तुटते. मग बोटाच्या पेराने कॉइलवर हलकं ठोका. चांगली कॉइल शांत राहते. ठोक्याबरोबर आवाज आला, किंवा एका जागी पोकळ वाजलं, तर आतलं वेटोळं भरावापासून सुटलेलं आहे. डबल-डी कॉइलमध्ये पाठवणारं आणि ऐकणारं वेटोळं एकमेकांवर इतक्या नेमक्या जागी बसवलेलं असतं की एकाचा सरळ परिणाम दुसऱ्यावर जवळपास शून्य होतो. थोडं सरकलं तरी तो तोल जातो. अशी कॉइल घरी दुरुस्त होत नाही.

शील्डची परीक्षा ओल्या फडक्यानं होते. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. विहिरीच्या साध्या पाण्यात पंचा भिजवून पिळा आणि कॉइल हवेत स्थिर धरून दुसऱ्याकडून पंचा तिच्या खालून-वरून फिरवून घ्या. शील्ड शाबूत असेल तर काही होत नाही, तुटली असेल तर दर फेरीला आवाज येतो. मिठाचं पाणी वापरू नका, ते चांगल्या कॉइललाही सिग्नल देतं. यानंतर कॉइल २० मिनिटं उन्हात ठेवून परत ऐका. भेगेतून आत पाणी गेलेल्या किंवा डाग सुटलेल्या कॉइली सावलीत शहाण्यासारख्या वागतात आणि तापल्या की थ्रेशोल्ड (मशीनचा मागे चालू असणारा बारीक सूर) वरखाली करायला लागतात. सौदा सकाळी लवकर आणि घरातच करायचा आग्रह असेल तर हे मनात ठेवा.

मल्टिमीटर असेल तर उत्तम, पण तो काय सांगतो आणि काय लपवतो ते माहीत हवं. आधी त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा लिहून ठेवा आणि नंतर वजा करा. पल्स इंडक्शन मशीनची (विजेचे तुटक ठोके पाठवणारं) मोनो कॉइल, म्हणजे पाठवायला आणि ऐकायला एकच वेटोळं असलेली, रेझिस्टन्सला साधारण एक ओहमच्या आत आणि इंडक्टन्सला ३०० मायक्रोहेन्रीच्या आसपास असते. तिथे मीटरच्या वायरींचाच ०.३ ओहम निकाल बिघडवतो. साध्या व्हीएलएफ (सतत एका कमी फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या) मशीनच्या कॉइलमध्ये पाठवणाऱ्या वेटोळ्याचा रेझिस्टन्स कमी आणि ऐकणाऱ्याचा बराच जास्त असतो. आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, म्हणून त्याच मॉडेलच्या चांगल्या कॉइलशी तुलना करा. केबल हलवताना आकडा उडाला तर तार तुटकी. पण वेटोळ्याचे दोन वेढे आतल्या आत चिकटले असतील तर रेझिस्टन्स जवळपास तोच राहतो आणि इंडक्टन्स मात्र पडतो. हे फक्त इंडक्टन्स मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर दिसतं. टीव्ही-अॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडे तो बहुधा मिळतो.

विकणाऱ्याच्या युक्त्या ठरलेल्या आहेत. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणून दाखवणं, थ्रेशोल्डचा सततचा सूर बंद ठेवणं म्हणजे कुरकूर ऐकूच येत नाही, आणि नमुना म्हणून ठसठशीत अंगठी किंवा नाणं वापरणं. लहान सोन्यासाठीची मशीन जास्त फ्रिक्वेन्सीवर चालतात, कुणी ४५ तर कुणी ७१ किलोहर्ट्झवर. अशा कॉइलची परीक्षा नथीच्या तारेएवढ्या तुकड्यावरच झाली पाहिजे. तेव्हा आपलं मशीन, आपला तुकडा आणि उघडी जमीन असेल तरच सौदा करा. कॉइलच्या कडेचा सांधा बोट फिरवून तपासा. अॅराल्डाइटचे ओघळ, दोन रंगांचा भराव, केबलवर एकाच ठिकाणी नवी स्लीव्ह, खरवडलेलं स्टिकर, यातलं काहीही दिसलं तर कॉइल एकदा उघडलेली आहे. कंपनीला सिरीयल नंबर कळवून खात्री करून घ्या, नक्कल केलेल्या कॉइलीही बाजारात आहेत.

कॉइल चांगली निघाली तरी अपेक्षा खरी ठेवा, कारण "या कॉइलनं गदगकडे सोनं काढलंय" हेही विकण्याचंच वाक्य आहे. रायचूरकडच्या हट्टी गावी सोन्याची खाण आजही चालते, कोलारची २००१ मध्ये बंद झाली. पण खडकातलं असं सोनं टनामागे काही ग्रॅम, गारेच्या दगडात विखुरलेलं असतं, डिटेक्टरला ते दिसत नाही. गदगकडचा कप्पतगुड्ड डोंगर अभयारण्य आहे, आपल्याकडचं भीमगडही. तिथे मशीन घेऊन जाऊच नका. इतरत्रही खनिज शोधायला १९५७ च्या खाण कायद्याखाली परवाना लागतो आणि जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं धन सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

पार्सलनं मागवत असाल तर आगाऊ पूर्ण रक्कम देऊ नका. "पैसे परत पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका" असं कुणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पार्सल उघडताना डबा, लेबल, प्लग आणि केबलचा न थांबवता व्हिडिओ काढा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणं अवघड. विक्रेता कोल्हापूर-सांगलीचा आणि तुम्ही कर्नाटकातले, म्हणून ठाण्यात "तिकडे जा" असं ऐकायला मिळतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची असते. कलमाचा आकडा सांगा, अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या, बोलणी आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट छापून जोडा.

दोष फक्त केबलचा असेल तर कॉइल वाचते. खराब भाग कापून टाका, प्रत्येक तारेचा डाग दुसरीच्या डागापासून बोटभर पुढेमागे घ्या म्हणजे गाठ होत नाही, प्रत्येकीवर वेगळी हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. शील्डची तार आणि जाळी शेवटी जोडा आणि मीटरवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा. वरून आत गोंद असलेली हीटश्रिंक लावा. आंबट वासाचं सिलिकॉन तिथे भरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल लिहिलेलं घ्या, पूर्ण दिवस वाळू द्या. मग कॉइल जोडासकट दहा मिनिटं बादलीत बुडवा, बाहेर काढून परत ओला पंचा फिरवा आणि ऐका.