डबल इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप: आठ महिने वापरल्यानंतर

सातव्या महिन्यात पंप घेतला तेव्हा मोटर, बॅटरी, वॉरंटी सगळं पारखून घेतलं. फनेलचा, म्हणजे छातीवर बसणाऱ्या नरसाळ्याचा, आकार तेवढा पाहिला नाही, आणि सगळा त्रास त्यानेच झाला.

माझं सिझेरियन झालं. पहिले दोन दिवस पंप कामाला आलाच नाही. चीक घट्ट, थेंब थेंब येणारा. तो फनेललाच चिकटून राहायचा. सिस्टरनी हाताने काढायला शिकवलं: बोटं काळ्या भागाच्या जरा मागे ठेवायची, आधी छातीच्या दिशेने दाबायची, मग जवळ आणायची, कातडीवर घासायची नाहीत. चमचाभर निघाला, तोच बाळाला पाजला. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी तेवढं पुरतं. पहिलटकरणीने पंप घेण्याआधी हे शिकून घ्यावं.

मग पान्हा आला, छाती दाटली आणि पंप लावला की डोळ्यांत पाणी यायचं. डब्यात 24 मिलिमीटरचं फनेल होतं. निपलच्या बुडाशी लाल कडं पडलेलं दिसलं, तेव्हा निपलची रुंदी पट्टीने मोजली: 17 मिलिमीटर. मोठ्या फनेलमध्ये काळा भागही ओढला जात होता. 19 चं मागवलं आणि दुखणं चार दिवसांत थांबलं.

26 आठवड्यांची रजा संपवून मार्चमध्ये कामावर गेले. 2017 पासून 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय कायद्याने सक्तीची आहे. आमचं ऑफिस लहान, त्यामुळे रेकॉर्ड रूममध्ये कडी लावून पंप करत होते. इंदूरच्या मेमध्ये तर खोलीत दूध ठेवायचंच नाही. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं हा नियम साधारण 25 अंशांसाठी आहे, इथे पारा चाळिशीपार जातो. मी बर्फाच्या पॅकची पिशवी नेते आणि घरी आल्यावर बाटली फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवते, दारात नाही. तिथे चार दिवस टिकतं. ताजं कोमट दूध थंड दुधात लगेच ओतत नाही, आधी गार करते.

एप्रिलमध्ये एका वेळचं दूध 120 मिलिलिटरवरून 50 वर आलं. मी हादरले. आईने रामबागेतून हळिवाचे लाडू पाठवले, सासूबाई रात्री दुधात शतावरी कल्प घालून द्यायच्या. त्यांच्या मायेने धीर आला, पण आकडा हलेना. बाळाचं वजन मात्र नीट वाढत होतं, लंगोटही तेवढेच ओले होत होते. एका रात्री भाग धुताना सिलिकॉनचा छोटा व्हॉल्व्ह दिव्यासमोर धरला. त्याची चीर कोपऱ्यात केसभर फाटली होती, म्हणून ओढच कमी झाली होती. नवा बसवला, दुसऱ्या सकाळी 110! दूध आटलं नव्हतं. पंपात किती आलं यावरून अंगावर किती आहे हे ठरवू नका, बाळाकडे बघा.

आवाज थोडा जास्त आहे. चार्जिंग तीन-चार वेळा पुरतं. नळीत दूध शिरू न देणारी रचना आहे, ही मोठी जमेची बाजू. हाच पंप पुन्हा घेईन, पण त्याच दिवशी दोन व्हॉल्व्ह जास्तीचे आणि मापाचं फनेलही. माझ्या वहिनीला आता आठवा लागलाय. तिला पट्टी आणि हा मजकूर दोन्ही पाठवतेय.