टपाल कार्यालयाचे बचत खाते आणि आरडी : अर्धवेळ कमाई करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी कितपत सोयीचे?

नौपाड्यातल्या एखाद्या क्लासमध्ये उत्तरपत्रिका तपासणे, घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत पाचवी-सहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेणे, दिवाळीच्या हंगामात गोखले रोडवरच्या कपड्यांच्या दुकानात गिऱ्हाइके सांभाळणे, अशी ठाण्यातल्या अनेक महाविद्यालयीन मुलांची अर्धवेळ कमाई असते. परीक्षेच्या महिन्यात ती जवळजवळ थांबते आणि दिवाळीत किंवा मे महिन्यात एकदम हाती येते. अशा अनियमित पैशांसाठी टपाल कार्यालयाचे बचत खाते आणि आरडी (आवर्ती ठेव, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता भरायची योजना) या दोन्ही सोयी मी वापरतो. बचत खाते कोणत्याही विद्यार्थ्याने निःशंकपणे उघडावे. आरडीचे नियम मात्र आधी नीट समजून घ्यावेत, कारण ती योजना दरमहा ठरलेला पगार मिळणाऱ्या माणसाला समोर ठेवून आखलेली आहे.

बचत खाते ५०० रुपयांत उघडते. आधार, पॅन, छायाचित्रे आणि वारसाच्या नोंदीसह भरलेला अर्ज एवढे पुरते. खात्यात किमान ५०० रुपये ठेवावे लागतात. आर्थिक वर्षाच्या अखेरीस शिल्लक त्याखाली असेल तर ५० रुपये कापले जातात आणि शिल्लक शून्यावर आली तर खातेच बंद होते. व्याजदर ४ टक्के आहे, मात्र महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावरच ते व्याज मोजले जाते. क्लासचालकाने पाकीट बारा तारखेला हातावर ठेवले, तर त्या पैशांवरचे त्या महिन्याचे व्याज बुडते. चार हजार रुपयांवर ही रक्कम तेरा रुपयांच्या आसपास भरते, म्हणजे तिच्यासाठी क्लासचालकाशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण मोठी रक्कम हाती असेल तर ती दहा तारखेच्या आत भरावी, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

आरडी दरमहा किमान १०० रुपयांपासून सुरू करता येते आणि तिची मुदत पाच वर्षांची असते. ६.७ टक्के दराने दरमहा ५०० रुपये भरत गेल्यास पाच वर्षांत भरलेल्या ३०,००० रुपयांचे सुमारे ३५,६८० रुपये होतात. खाते महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडले तर पुढचे हप्तेही १५ तारखेच्या आत भरावे लागतात. १६ तारखेला किंवा त्यानंतर उघडले तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मुदत मिळते. शिकवण्यांचे पैसे पालक ज्या सावकाशीने देतात ती पाहता विद्यार्थ्याने आरडी १६ तारखेनंतरच उघडावी, असा माझा आग्रह राहील. खिडकीवर हे आपणहून कोणी सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये.

हप्ता चुकला तर दर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड बसतो आणि चार हप्ते थकले की खाते खंडित होते. ते पुन्हा सुरू करायला त्यानंतर दोनच महिने मिळतात. परीक्षेच्या काळात हे संकट खरोखरीच ओढवू शकते. त्यावरचा तोडगा याच योजनेत आहे आणि मला तो या योजनेचा सर्वांत उत्तम भाग वाटतो: हप्ते आगाऊ भरता येतात. सहा हप्ते एकदम भरल्यास १०० रुपयांच्या हप्त्यामागे १० रुपये आणि बारा हप्ते भरल्यास ४० रुपये सूट मिळते. म्हणजे ५०० रुपयांच्या आरडीचे सहा हप्ते २,९५० रुपयांत भरून होतात. दिवाळीच्या हंगामातली कमाई हाती येताच हे काम उरकले, की पुढची सत्र परीक्षा हप्त्याची चिंता न करता देता येते.

रोजच्या खर्चासाठी मात्र टपाल कार्यालयाचे बचत खाते गैरसोयीचे आहे. खिडकीवरचे व्यवहार बहुधा कॉलेजचे तास चालू असतानाच्या वेळेत करावे लागतात, आणि रिक्षा किंवा कॅन्टीनचे पैसे मोबाइलवरून द्यायचे तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे वेगळे खाते उघडावे लागते. ते बचत खात्याशी जोडून घेतल्यास आरडीचा हप्ताही फोनवरून भरता येतो, त्यामुळे ही जोडणी पहिल्याच फेरीत करून घ्यावी. मी स्वतः खर्चाचे पैसे बँकेच्या खात्यात ठेवतो आणि टपाल कार्यालयाच्या खात्याला हात लावत नाही; खिडकीवरून पैसे काढायला अर्ज भरून रांगेत उभे राहावे लागते, हे उधळ्या स्वभावाच्या माणसाच्या पथ्यावरच पडते.

खरी अडचण मुदतीची आहे. पदवी तीन-चार वर्षांत संपते आणि आरडी पाच वर्षांनी पिकते. तीन वर्षांनंतर ती मोडता येते, पण मग व्याज बचत खात्याच्याच दराने मिळते. बारा हप्ते भरल्यावर शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते, त्याला आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज पडते. अचानक शुल्क भरायची वेळ आली तर आरडी मोडण्यापेक्षा हा मार्ग बरा. एक-दोन वर्षांतच लॅपटॉप घ्यायचा असेल तर बँकेची कमी मुदतीची आरडी पाहावी. पदवीनंतर नोकरीसाठी पुण्याला किंवा नाशिकला जावे लागले तरी खाते बंद करण्याची गरज नाही, कारण बदलीचा अर्ज दिला की ते तिथल्या टपाल कार्यालयात वर्ग होते आणि उरलेले हप्ते तिथे भरता येतात.