इलेक्ट्रॉन बीमच्या सिम्युलेशनसाठी कोड निवडताना: ईजीएसएनआरसी, पेनेलोपी की जिआंट-४?

रेडिएशन थेरपीतल्या इलेक्ट्रॉन बीमचं मॉन्टे कार्लो (यादृच्छिक आकडे वापरून एकेका कणाचा प्रवास संगणकावर चालवणं) करायचं ठरलं, की पहिला प्रश्न येतो तो कोडचा. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: सांगणाऱ्याच्या गाइडनं जो वापरला तोच. मी तिन्ही कोड कमीजास्त वापरलेत, म्हणून माझं मत आधीच सांगते. पाण्याच्या फँटममधला (शरीराऐवजी वापरायच्या पाण्याच्या टाकीतला) डेप्थ-डोसचा, म्हणजे खोलीनुसार डोसचा, आलेख तिघंही जवळपास सारखाच काढतात, त्यामुळे त्यावरून काही ठरवू नका. इलेक्ट्रॉन एका पदार्थातून दुसऱ्यात शिरतो तिथे कोड कसा वागतो, ते बघा.

काही एमईव्हीचा (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा) इलेक्ट्रॉन थांबेपर्यंत लाखो बारीक धडका घेतो. प्रत्येक धडक मोजत बसलो तर हिशेब संपणारच नाही. म्हणून १९६३ साली बर्गरनं मांडलेली युक्ती आजही चालते: पुष्कळ धडकांचं एक गाठोडं बांधायचं, इलेक्ट्रॉनला एक लांब पायरी टाकायला लावायची आणि त्या गाठोड्याचा एकत्रित कोन देऊन त्याला वळवायचं. एकसारख्या पाण्यात हे छान चालतं. पण पायरी अर्धी हाडात आणि अर्धी हवेत पडली, तर गाठोडं कुठल्या पदार्थाचं धरायचं? तिन्ही कोड खरे वेगळे होतात ते या प्रश्नापाशी.

या वळण्याचा डोसवर किती परिणाम होतो, ते एका साध्या गोष्टीत दिसतं. फोटॉन बीमची ऊर्जा वाढवली की पृष्ठभागावरचा डोस कमालीच्या तुलनेत घटतो, इलेक्ट्रॉन बीममध्ये मात्र तो वाढतो. कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन पटकन आणि जास्त वळतो, तिरका चालायला लागतो आणि तेवढ्याच खोलीत अधिक ऊर्जा टाकतो. त्यामुळे कमाल डोस उंच जातो आणि त्याच्यापुढे पृष्ठभाग कमी दिसतो. तुमच्या कोडमध्ये ६ आणि २० एमईव्हीचे आलेख शेजारी ठेवून हा फरक नीट उतरतोय का, ते पहिल्याच दिवशी बघा.

आता ईजीएसएनआरसी. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा हा कोड आपल्या क्षेत्रासाठी सर्वांत घासूनपुसून तपासलेला आहे. सीमेजवळ आल्यावर तो गाठोडं सोडून एकेक धडक मोजू शकतो. फॅनो चाचणीत, म्हणजे जिथे बरोबर उत्तर आधीच माहीत असतं अशा कसोटीत, तो ०.१ टक्क्याच्या आत बसतो. आयन चेंबरच्या, म्हणजे डोस मोजायच्या उपकरणाच्या, पोकळीतला डोस काढायचा असेल तर मी दुसरीकडे बघणारही नाही. त्याच्याच बीमएनआरसी या जोड-प्रोग्रॅममध्ये स्कॅटरिंग फॉइल, जॉ, अ‍ॅप्लिकेटर असे तयार भाग एकापुढे एक लावून लिनॅकचं (उपचाराचा बीम देणाऱ्या यंत्राचं) हेड उभं राहतं. त्रास आहे तो मॉर्ट्रान या जुन्या भाषेचा. सी++ ची लायब्ररी आहे, पण बीमएनआरसीच्या पोटात शिरायची वेळ आली की मॉर्ट्रान चुकत नाही.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडले आहे. ओठाच्या आत शिशाचं शील्ड ठेवलं की शिशावरून उलटे फिरलेले इलेक्ट्रॉन लगतच्या ऊतीचा डोस वाढवतात, म्हणून शील्डवर मेणाचा थर देतात. शिशाला चिकटलेल्या ०.२ मिमीच्या थरात डोस किती वाढतो, ते मला हवं होतं. ईकट, म्हणजे ज्या ऊर्जेखाली कोड इलेक्ट्रॉनचा माग सोडतो ती मर्यादा, ०.७०० एमईव्ही तशीच ठेवली आणि दोन दिवस रन चालवला. आलेख इतका गुळगुळीत आला की शंकाही आली नाही. पण ईकटमध्ये इलेक्ट्रॉनची ०.५११ एमईव्हीची विरामऊर्जा धरलेली असते. म्हणजे १८९ केईव्हीच्या खाली गेलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन मी जागच्या जागी बसवत होते, आणि १८९ केईव्हीचा इलेक्ट्रॉन पाण्यात साधारण ०.४ मिमी जातो! माझ्या थराच्या दुप्पट. ०.५२१, म्हणजे १० केईव्ही, घालून सगळं पुन्हा केलं.

तिन्ही कोड मर्यादेचा हाच प्रश्न वेगवेगळ्या भाषेत विचारतात. पेनेलोपीला गतिज ऊर्जा लागते, तीही इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. जिआंट-४ अंतर मागतो. मूळ नेमणूक ०.७ मिमी असते आणि पाण्यात ती सुमारे ३५० केईव्ही होते. शिवाय ती मर्यादा नवे दुय्यम कण जन्माला घालण्याची आहे, इलेक्ट्रॉन थांबवण्याची नाही. म्हणून एका कोडचे आकडे दुसऱ्यात उचलून टाकू नका.

पेनेलोपी बार्सिलोना विद्यापीठातला. मोठ्या कोनाच्या धडका तो एकेक करून मोजतो आणि फक्त किरकोळ धडकांचं गाठोडं बांधतो. गाठोडं किती मोठं ते ठरवणारे सी१ आणि सी२ हे आकडे शून्य केले की गाठोडंच उरत नाही. रन रांगतो, पण दुसऱ्या कुठल्याही उत्तराला कसोटीला लावायचा दगड हातात येतो. ५० इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत खाली जाता येतं. पातळ थर, धातूची सीमा, कमी ऊर्जा असा विषय असेल तर हाच घ्या. भूमिती मात्र द्विघाती पृष्ठभागांनी लिहावी लागते, आणि ते काम चिवट आहे. व्हेरियन कंपनीचंच यंत्र असेल तर याच कोडवर बांधलेला प्रिमो बघा, त्यात बरंच काम खिडक्या उघडून होतं.

जिआंट-४ हा सर्नच्या घरातला हत्ती: प्रोटॉन, न्यूट्रॉन, हलणारी भूमिती, चुंबकीय क्षेत्र, सगळं त्यात आहे. सी++ लिहायचं नसेल तर त्यावरच बांधलेल्या टोपासच्या साध्या मजकूर-फायली किंवा गेट घ्या. गेटची दहावी आवृत्ती पायथनवर चालते. टोपास रुग्णाचं सीटी डायकॉममधून (वैद्यकीय प्रतिमांच्या फायलींमधून) थेट वाचतो, ही मोठी सोय. पण इलेक्ट्रॉनचं विखुरणं कसं हाताळायचं, हे तुम्ही निवडलेल्या फिजिक्स लिस्टवर (भौतिक मॉडेलांच्या तयार यादीवर) ठरतं. जुन्या आवृत्त्यांत पायरीची लांबी बदलली की पोकळीतला डोसही बदलायचा. आता ऑप्शन-४ या लिस्टमध्ये गाउडस्मिट-साँडरसनचं मॉडेल येतं आणि फरक बराच मिटतो. तेव्हा लिस्टचं नाव आणि कोडची आवृत्ती दोन्ही प्रबंधात लिहा. नुसतं ‘जिआंट-४ वापरला’ असं वाचलं की परीक्षक पुढचा प्रश्न विचारणारच.

वेगावर मी फारसं बोलत नाही. सांख्यिकी अनिश्चितता निम्मी करायची तर चौपट इतिहास, म्हणजे चालवलेले कण, लागतात, हे तिघांनाही सारखंच लागू आहे.

पोकळी किंवा लिनॅक हेड असेल तर ईजीएसएनआरसी, शिसं आणि पातळ थर असतील तर पेनेलोपी. रुग्णाचं सीटी असेल किंवा पुढेमागे प्रोटॉनकडे वळायचं असेल तर टोपास. दोघांत अडकलात तर तुमच्या विषयातली सर्वांत अवघड सीमा घ्या, एक पातळ थर आणि एक पेन्सिलएवढा बीम ठेवा, आणि पायरीची कमाल लांबी निम्मी करून तोच रन दोनदा चालवा. थरातला डोस अनिश्चिततेच्या पलीकडे हलला, तर त्या सेटिंगवर पुढचे सहा महिने घालवू नका.