हाताच्या भेगांसाठी पेट्रोलियम जेली: एका खानावळवालीचा अनुभव

कोल्हापुरात माझी खानावळ आहे. हात दिवसभर पाण्यात: पीठ, भाज्या, भांड्यांचा साबण. थंडीत अंगठ्याच्या कडेला आणि पेरांवर अशा भेगा पडतात की रश्श्याला कांदा-मिरची चिरताना जीव जातो. त्यावर मी मेडिकलमध्ये मिळणारी साधी, बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली लावते आणि तिच्यावर पूर्ण समाधानी आहे.

लोशन पसरतं छान, पण त्यात पाणीच जास्त. ते उडून गेलं की कातडी पुन्हा कोरडीठाक. केसाळ जागेला किंवा सगळ्या अंगाला लावायला मात्र तेच सोयीचं. क्रीम दिवसा कामात बरं पडतं, लगेच जिरतं. पण पाणी असल्यामुळे त्यात प्रिझर्वेटिव्ह घालावं लागतं आणि उघड्या भेगेत ते झोंबू शकतं. जेलीत पाण्याचा थेंब नाही. रात्री हात धुऊन, टिपून, जरा ओलसर असतानाच ती चोळायची आणि वर सुती हातमोजे घालायचे. आतला ओलावा आतच राहतो. सकाळी भेगेची कड, जी आदल्या दिवशी टणक आणि पांढरट असते, ती मऊ पडलेली हाताला कळते.

सासूबाईंच्या तळपायाला एक्झिमा आहे. स्किनच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत स्टेरॉईडचं ऑइंटमेंट, म्हणजे तेलकट मलम, लिहिलं होतं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, क्रीम घ्या, औषध तेच आहे." मी घेतलं नाही. टक्केवारी तीच असली तरी मलमातलं औषध बहुधा जास्त मुरतं आणि तळपायाच्या जाड कातडीला तेच हवं असतं. म्हणूनच ते मलम आपल्या मनाने चेहऱ्याला किंवा जांघेत लावू नये. किती लावायचं तेही डॉक्टरांनी दाखवलं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूब पिळायची, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. एका पावलाला, वरून-खालून मिळून, अशा 2 रेघा लागतात.

जेलीची अडचण एकच, चिकटपणा. ती लावून भाकरी थापता येत नाही, पातेलं हातातून निसटतं. म्हणून रात्रीच. आणि ते हातमोजे गॅसजवळ अजिबात नेऊ नका. जेली मुरलेलं कापड चटकन पेटतं आणि धुतल्यावरही ती पूर्ण निघतेच असं नाही. आमच्या कामवाल्या मावशींना मी हे रोज बजावते.

घाम साचणाऱ्या जागी किंवा पाणी वाहणाऱ्या चट्ट्यावर जेली लावू नका, तिथे डॉक्टरच हवेत. घेताना डबीपेक्षा ट्यूब घ्या. डबीत चार जणांची बोटं जातात.