कृष्णधवल प्रिंटसाठी एप्सन पी७००: काही महिने वापरल्यानंतर

साताऱ्यात राहून ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढतो म्हटलं की लोक आधी कासच्या फुलांचं विचारतात. माझे विषय मात्र लिंबची बारा मोटेची विहीर, अजिंक्यताऱ्याचा तट, मेणवलीचा घाट. सगळा काळा दगड. सावलीतल्या पायऱ्या एकमेकींपासून सुट्या दिसल्या तर प्रिंट जमला, नाहीतर नुसता काळा डाग.

आधी माझ्याकडे सहा रंगांचा टाकीवाला प्रिंटर होता. शाई स्वस्त, रंगीत फोटो झकास. पण त्यात काळी शाई एकच, त्यामुळे करड्या छटा रंगीत शायांच्या मिश्रणातून यायच्या. तोच प्रिंट ट्यूबलाइटखाली हिरवट आणि अंगणात नेला की गुलाबीसर! फक्त काळी शाई वापरायला लावली तर झाक जायची, पण आकाशात ठिपके दिसायचे. दुकानदार रंग किती ते सांगतो. आपण काळ्या-करड्या शाया किती ते विचारायचं.

आताच्या पी७०० प्रिंटरमध्ये दहा शायांपैकी चार काळ्या-करड्या आहेत: फोटो ब्लॅक (चकचकीत कागदासाठी), मॅट ब्लॅक (चकाकी नसलेल्या मॅट कागदासाठी), ग्रे, लाइट ग्रे. दोन्ही काळ्यांना वेगळी नोझल, म्हणजे शाई फवारणारी छिद्रं, त्यामुळे कागद बदलला तरी शाई बदलण्यात वाया जात नाही. कॅननच्या प्रो-३०० मध्येही दहाच शाया, पण करडी एकच. माझा निर्णय तिथेच झाला.

खरी मजा ड्रायव्हरमधल्या, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधल्या, 'अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट' मोडमध्ये आहे. यात मुख्यतः काळ्या-करड्या शायाच चालतात, रंगीत शाई टोन सांभाळण्यापुरती. प्रिंट ट्यूबलाइटखाली आणि उन्हात जवळपास सारखाच दिसतो. न्यूट्रल, वॉर्म, कूल, सेपिया असे टोन मिळतात. मी न्यूट्रलच्या किंचित वॉर्मकडे ठेवतो, सेपियाच्या वाटेला जात नाही. पहिला प्रिंट काळवंडलेला आला तर प्रिंटरला शिव्या देण्याआधी मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवा; स्क्रीन फार उजळ असली की फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो. कागदाची निवडही ड्रायव्हरमध्ये बरोबर हवी, नाहीतर चुकीची काळी शाई पडते. विहिरीसाठी मला बरायटा (जुन्या डार्करूम प्रिंटसारखा हलक्या चमकेचा कागद) आवडतो, त्यावर काळा खोल उतरतो. माणसांच्या चेहऱ्यांना कॉटनचा मॅट कागद. तिथे काळा थोडा फिका पडतो, पण चेहऱ्यावर काचेसारखी चकाकी येत नाही.

पी७०० ची शाई पिगमेंट, म्हणजे द्रवात बारीक रंगकण असलेली. अशी शाई, मग प्रिंटर कुठल्याही कंपनीचा असो, बसून राहिली की नोझलमध्ये सुकते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आठवड्याला एक छोटा प्रिंट आणि नोझल चेक (सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारा नमुना) काढतोच. प्रिंटर कायम त्याच्याच बटणाने बंद करायचा, म्हणजे हेड (नोझल असलेला भाग) झाकणाखाली जाऊन बसतं. पावसाळ्यात वीज कधी जाईल भरवसा नाही, म्हणून छोटा यूपीएस लावलाय. कागदाचं पाकीट उघडं राहिलं तर इथल्या पावसात कोपरे वळतात. सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर कार्ट्रिज २५ मिलीची, आणि हेड क्लीनिंगलाही शाई लागतेच. आधी ए५ तुकड्यावर चाचणी, मगच ए३ प्लस (ए३ पेक्षा थोडा मोठा). महिन्याला चार-दोनच प्रिंट काढणार असाल तर पुण्याच्या चांगल्या लॅबला फाइल पाठवणं परवडेल. घरात मुलांचे प्रोजेक्ट, कागदपत्रं आणि अधूनमधून फोटो असा मामला असेल तर टाकीवाल्यांत एप्सनचा एल८१८० बघा, त्यात निदान करडी शाई आहे. भिंतीसाठी ए२ हवं असेल तर पी९००, शाया याच, कार्ट्रिज ५० मिलीची.